तीनशे बारावं पान

कायद्याच्या कॉलेजात राज्यघटना शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात एक लाकडी खुर्ची होती, आणि त्या खुर्चीचा एक नियम होता. बाईंच्या पुस्तकात जो कोणी चूक काढून दाखवील, त्याने उरलेला तास त्या खुर्चीवर बसून वर्गाला शिकवायचं आणि बाईंनी पहिल्या बाकावर बसून मुकाट्याने वही काढायची. काना-मात्रेच्या चुकीला खुर्ची नाही. चूक खरी हवी, म्हणजे वर्ष चुकलेलं, कलम चुकलेलं, नाहीतर एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं. एकतीस वर्षांत अकरा जण त्या खुर्चीवर बसले. अकराही जणांची नावं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेली आहेत, आणि त्यांतले काही आज बड्या हुद्द्यावर असूनही घरी आलेल्या पाहुण्याला आधी ते पान उघडून दाखवतात.

बाईंना या पुस्तकाचा गर्व होता का? होता. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा! नऊशे पानं, सात आवृत्त्या, आणि वरच्या कोर्टात उभा राहणारा एक वकील असा नव्हता की ज्याच्या टेबलावर ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक नाही. बाई एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची मुलगी. शाळा सुटली की ती वडिलांशेजारी स्टुलावर जाऊन बसायची. वडील हाताने लिहिलेली मूळ प्रत मोठ्याने वाचायचे आणि तिने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचं. "हे तर पाठच आहे, असं जिथे वाटतं ना, तिथे दोनदा बघ," असं ते सांगायचे. पुढे ती कायदा शिकली, पहिली आली, शिकवायला लागली. प्राध्यापकांच्या खोलीत एकटीच बाईमाणूस म्हणून सहा वर्षं दारापाशी बसली, कारण आतल्या खुर्च्या म्हणे आधीच वाटून झाल्या होत्या. त्या दारापाशी बसूनच तिने पुस्तक लिहिलं. सहाशे चाळीस निकाल त्यात आले, आणि एकेक निकाल तिने लायब्ररीतला निकालांचा मूळ खंड उघडून ताडून पाहिला. वर्गातही तेच टुमणं. "कुणीतरी सांगितलं म्हणून लिहू नका. मूळ पान उघडा." मुलांनी त्यांचं नाव 'मूळबाई' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना, एका दुपारी त्यांच्या खोलीच्या दारात शंकासुर येऊन उभी राहिली.

शंकासुर म्हणजे बाईंची बारा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. दर तासाला हिचा हात वर, दर वाक्याला हिची शंका, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. खुर्चीवर तिचा भारी डोळा होता. सात वेळा तिने बाईंना चूक दाखवली, सातही वेळा बाईंनी मूळ खंड मागवला, आणि सातही वेळा बाईच बरोबर निघाल्या. "बस खाली," एवढंच बाई म्हणायच्या. आता ती वकील होती, नावारूपाला आली होती, आणि कालव्याकाठच्या एका वस्तीचा खटला देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टात लढवत होती. नगरपालिकेने बेचाळीस घरांवर पाडण्याची नोटीस चिकटवली होती. कुणाला काही विचारलं नव्हतं, कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. खालच्या कोर्टांनी पाडापाडी थांबवली होती, पण आता अखेरचा निकाल लागायचा होता.

"ये, ये! माझ्या निरोपाच्या भाषणाचं पाहायला आलीस ना?" बाई म्हणाल्या. "हे बघ, उगाच कौतुकाचे पूल बांधू नका. बांधायचेच असतील तर नीट बांधा."

शंकासुर हसली नाही. बसलीही नाही. तिने पिशवीतून झेरॉक्सचे चार कागद काढले आणि टेबलावर ठेवले. "बाई, तुमच्या पुस्तकातलं तीनशे बारावं पान."

ते पान बाईंना उघडायची गरज नव्हती. पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य त्याच पानावर होतं. 'ज्याच्या डोक्यावरील छप्पर जाणार आहे, त्याचे म्हणणे प्रथम ऐकले पाहिजे. न ऐकता दिलेला हुकूम हा कायदा नव्हे, ते केवळ बळ होय.' पाच न्यायाधीशांच्या जुन्या निकालातलं वाक्य. शाळांच्या भिंतींवर ते लिहिलं जायचं. तीन उच्च न्यायालयांनी बाईंच्या पुस्तकावरून ते उतरवून घेतलं होतं आणि त्याच्या जोरावर किती घरं वाचली होती, त्याची गणती नाही.

"त्याचं काय?"

"ते वाक्य निकालात नाहीये, बाई. म्हणजे आहे, पण बहुमतात नाही. चौघांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला होता. हे वाक्य पाचव्याचं आहे. एकट्याचं. जो हरला होता त्याचं."

"शक्यच नाही!" बाई अशा काही कडाडल्या की पलीकडच्या खोलीतल्या प्राध्यापकाने डोकावून पाहिलं. "त्याचं मत कुठल्या पानावर सुरू होतं ते बघितलंस का? मधे नाव छापलेलं असतं, बारीक अक्षरात."

"चारशे पंधराव्या पानावर, तळाशी. वाक्य चारशे अठरावर आहे."

बाई उठल्या. लायब्ररीत स्वतः गेल्या, स्वतः शिडी लावली, शंकासुराने हात पुढे केला तर तिला बाजूला सारलं, आणि वरच्या फळीवरचा खंड काढून शिडीवर उभ्याउभ्याच उघडला. चारशे पंधरावं पान. तळाशी, बारीक अक्षरात, पाचव्या न्यायाधीशाचं नाव. बाई खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या हाताला धूळ लागली होती, आणि ती पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

आता खरं काय घडलं होतं ते सांगायला हवं, कारण बाईंना ते त्या शिडीवरच आठवलं. पुस्तक लिहिताना हा एकच खंड नव्या बांधणीसाठी बाहेर गेला होता. वाक्य बाईंना पाठ होतं, कारण त्यांच्या सरांनी, म्हणजे ज्यांनी त्यांना राज्यघटना शिकवली त्यांनी, ते वर्गात डोळे मिटून म्हणून दाखवलं होतं आणि बाईंनी वहीत उतरवून घेतलं होतं. हस्तलिखितात त्या जागी बाईंनी एक चिठ्ठी डकवली, 'मूळ पाहणे'. खंड परत यायच्या आत छापखान्याची तारीख आली. पुस्तकाचे खिळे वडीलच जुळवत होते. "सगळं मूळ पाहिलंस ना?" त्यांनी विचारलं होतं. "हो, बाबा," बाई म्हणाल्या होत्या आणि चिठ्ठी काढून खिशात टाकली होती. सहाशे चाळीसांपैकी सहाशे एकोणचाळीस पाहिले होते. याला काय खोटं बोलणं म्हणायचं? पुढे खंड परत आला, फळीवर गेला, आणि बाई विसरल्या. बाकीच्यांनी तपासायचा प्रश्नच नव्हता. मूळबाईंनी लिहिलंय म्हटल्यावर मूळ पान उघडायचा खुळेपणा कोण करणार?

खोलीत परतल्यावर बाईंनी विचारलं, "समोरच्या वकिलाला माहीत आहे?"

"नाही. त्यांच्याही टेबलावर तुमचंच पुस्तक आहे. ते वाक्य मोडून काढायला त्यांनी वीस पानं लिहिलीत बिचाऱ्यांनी."

"आणि तू काय करणार?"

शंकासुर खिडकीकडे बघत राहिली. "एक वाट आहे. तुमच्या पुस्तकाला हातच लावायचा नाही. तीन उच्च न्यायालयांचे निकाल आहेत, ते पुढे करायचे. ते निकाल खरे आहेत, त्यांनी तसं म्हटलंय हेही खरं आहे. मी एक शब्दही खोटा बोलणार नाही."

"अगदी माझ्यासारखं," बाई पुटपुटल्या.

"काय?"

"काही नाही. पुढे बोल."

"पुढे काय बोलू? खरं सांगितलं तर माझ्या हातातलं एकमेव हत्यार जातं. बेचाळीस घरं आहेत, बाई. आणि तुमचं पुस्तक... चार महिन्यांनी तुमचा सत्कार आहे. तुम्ही मला शिकवलंच नसतं ना, तर फार बरं झालं असतं!"

बाई तिला उद्या सकाळी ये म्हणाल्या.

संध्याकाळी बाई घरी न जाता नवऱ्याच्या दवाखान्यात गेल्या. नवरा दातांचा डॉक्टर. शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला तशा बाई आत जाऊन पेशंटच्या त्या कलत्या खुर्चीत आडव्या झाल्या आणि सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरसाहेब हात धूत धूत ऐकत होते. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने कधी चूक कबूल केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, त्यामुळे ते जरा जपूनच होते.

"आठव्या आवृत्तीत गुपचूप बदलून टाकता येईल," बाई छताकडे बघत म्हणाल्या. "खटला संपल्यावर. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"येईल की. पण मग दुखतंय कशाला?"

"चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही करत. लोक इथे येतात आणि म्हणतात, डॉक्टर, वरून भरून द्या, सध्या वेळ नाही. मी देतो भरून. पण ते बाहेर पडताना जिभेने तिथेच चाचपत असतात." त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. "अगं, तुझ्या नावाची भीती वाटते की त्या घरांची? आधी ते ठरव."

नवऱ्याने नेमकं बोट ठेवलं होतं. घरांची काळजी खरी होती, पण तिच्या आडून नावाचीच भीती डोकावत होती. ते कळल्यावर बाईंना स्वतःचा असा राग आला की त्या ताडकन उठल्या आणि डोकं वरच्या दिव्यावर आपटून घेतलं.

"लागलं?"

"लागायलाच हवं होतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शंकासुर आली तेव्हा टेबलावर एक पान तयार होतं, बाईंच्या हस्ताक्षरातलं, खाली सही. 'माझ्या पुस्तकाच्या सातही आवृत्त्यांत, चालू आवृत्तीत पान ३१२ वर, एका न्यायाधीशाचे वेगळे मत मी न्यायालयाचा निकाल म्हणून छापले आहे. ते छापण्यापूर्वी मी मूळ पान उघडले नव्हते. चूक माझी आहे. तीन उच्च न्यायालयांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांची नाही.'

शंकासुराने ते वाचलं, पुन्हा वाचलं. "हे कोर्टात द्यायचं?"

"पहिल्याच मिनिटाला द्यायचं. त्यांनी शोधून काढायच्या आत नव्हे, तू बोलायला लागायच्या आत."

"आणि मग मी कशावर उभी राहू?"

"पायांवर!" बाईंचा जुना सूर परत आला होता. "इतकी वर्षं आपण त्या बिचाऱ्या पाचव्या न्यायाधीशाला फुकटात जिंकवला. तो बरोबर का होता, हे कुणी सिद्ध करायच्या भानगडीतच पडलं नाही, कारण मी सांगितलं होतं की तो आधीच जिंकलाय. आता तू सिद्ध कर. समोर सात जण बसणार आहेत. पाच जणांचा जुना निकाल फिरवायचा त्यांना अधिकार आहे. तसं त्यांच्याकडे मागून बघ."

"नाही मिळालं तर?"

"तर मी त्या बेचाळीस घरांसमोर जाऊन उभी राहीन आणि कुणामुळे झालं ते सांगेन. पण तू माझ्या चुकीवर घर बांधून द्यायचं नाहीस. ते आज ना उद्या कुणीतरी शंकासुर पाडणारच."

सुनावणीच्या दिवशी बाई कोर्टात गेल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. सातही न्यायाधीश येऊन बसले. मधे बसलेल्या सरन्यायाधीशांच्या पुढ्यात निळं पुस्तक होतं, नगरपालिकेच्या वकिलांच्या पुढ्यात निळं पुस्तक होतं. शंकासुर उभी राहिली. तिच्या पुढ्यात मात्र जुना खंड होता, लायब्ररीचा शिक्का असलेला.

"सुरुवात करण्यापूर्वी मला एक चूक कोर्टाच्या नजरेस आणायची आहे," ती म्हणाली, "आणि ती माझ्या बाजूच्या फायद्याची चूक आहे."

तिने सगळं सांगितलं. पान सांगितलं, ओळ सांगितली, बारीक अक्षरातलं नाव वाचून दाखवलं. दालनात अशी कुजबूज उठली की पट्टेवाल्याला दोनदा शांतता राखा म्हणावं लागलं. नगरपालिकेच्या वकिलांचा चेहरा उजळला. ते उठून म्हणाले की मग आता वादच कुठे उरला!

सरन्यायाधीशांनी निळं पुस्तक हळूच मिटलं. "हे तुमच्या बाईंचं पुस्तक ना?"

"होय. मी त्यांचीच विद्यार्थिनी आहे."

"त्यांना हे माहीत आहे?"

"त्यांच्याच सहीचा कागद आपल्यापुढे आहे. मूळ पान उघडायला त्यांनीच शिकवलं. मी उघडलं, एवढंच."

मागच्या बाकावर बाईंची कानशिलं तापली होती. शरम होती, ती कशाला लपवा. पण तिच्या जोडीला दुसरं काहीतरी छातीत भरून येत होतं. पुढचे दोन दिवस शंकासुर बोलत राहिली. न ऐकता काढलेला हुकूम चुकतो कसा, हे तिने पुस्तकातून नाही, वस्तीतूनच दाखवलं. नोटीस ज्या बेचाळीस घरांवर होती त्यांतली नऊ घरं नगरपालिकेनेच पूर्वी कागद देऊन वसवली होती. विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. एका न्यायाधीशाने अडवलं तर ती त्यालाही प्रश्न विचारून मोकळी झाली. सुवर्णपदक मिळालं तेव्हा, पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा, सातवी आवृत्ती संपली तेव्हासुद्धा बाईंना एवढा अभिमान वाटला नव्हता. स्वतःचं कौतुक त्यांनी पुष्कळ चाखलं होतं. याची चवच वेगळी होती.

निकाल लागायला तीन महिने गेले. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. वर्तमानपत्रात मथळा आला. प्राध्यापकांच्या खोलीत बाई शिरल्या की बोलणं थांबायचं. सत्काराच्या समितीने 'समारंभ साधेपणाने करावा का' असं दबक्या आवाजात विचारलं. "अजिबात नको," बाई म्हणाल्या. "मला शेवटचा तास घेऊ द्या, तेवढं पुरे."

निकाल नेमका त्या शेवटच्या तासाच्या आदल्या दिवशी लागला. दुपारी फोन वाजला. शंकासुर ओरडतच होती. "बाई, जिंकलो! सातच्या सात! घरं वाचली!"

"ते वाक्य?"

"आहे, आहे! जसंच्या तसं!"

"कुठल्या पानावर? कुणाच्या मतात? नीट बघितलंस का?"

पलीकडे शंकासुर हसता हसता रडायला लागली. "एकोणसाठाव्या पानावर, बाई. सगळ्यांच्या सह्यांखाली. मी मूळ उघडूनच बोलतेय."

तरी बाईंनी निकाल मागवला आणि डॉक्टरसाहेबांना समोर बसवलं. त्यांनी मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी ओळीवर बोट ठेवायचं. एकोणसाठाव्या पानावर ते वाक्य आलं. त्याखाली न्यायालयाने लिहिलं होतं: 'हे वाक्य आजवर चुकून कायदा मानले गेले. आजपासून ते कायदा आहे.' बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं. "बाबा, पाहिलं मूळ," त्या म्हणाल्या.

शेवटच्या तासाला वर्ग गच्च भरला होता. जुने विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते. शंकासुर मागे कोपऱ्यात होती. बाई आल्या, हजेरी घेतली, आणि आठव्या आवृत्तीचं शेवटचं पान वाचून दाखवलं. अकरा नावांखाली बारावं नाव होतं. मग त्यांनी खुर्ची ओढून बाहेर काढली आणि बाजूला सरकल्या.

"बाई, नको ना," शंकासुर मागूनच म्हणाली. "आज तुमचा शेवटचा तास आहे."

"म्हणूनच. नियम नियम आहे. ये."

ती पुढे आली. बारा वर्षांपूर्वी जिच्यासाठी सात वेळा हात वर केला होता, त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. डोळे पुसले, घसा खाकरला आणि शिकवायला सुरुवात केली. बाई पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. वही काढली, तारीख घातली, दोन ओळी लिहून घेतल्या. मग त्यांनी हात वर केला.

"काय झालं?" शंकासुराने विचारलं.

मूळबाई उभ्या राहिल्या. "बाई," त्या म्हणाल्या, "एक शंका आहे."